दान देण्याआधी मोजा: धर्मग्रामातल्या सेवागटासाठी

१६१७ साली फ्रान्समधल्या शातियों या गावी व्हिन्सेंट द पॉल या धर्मगुरूंनी मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) सांगितलं की एका घरातले सगळेच आजारी पडले आहेत. लोक धावले आणि त्या घरी अन्नाचा ढीग लागला. ढीग एवढा, की निम्मं सडणार आणि दोन दिवसांनी चूल पुन्हा थंड. व्हिन्सेंट यांचं निदान सरळ होतं: माया भरपूर, व्यवस्था शून्य. त्याच वर्षी त्यांनी तिथल्या बायकांचा गट बांधला, पाळ्या लावल्या आणि लेखी नियम केले. कॅथलिक सेवाकार्याच्या इतिहासातलं हे महत्त्वाचं वळण आहे, आणि आजही बहुतेक गट अडखळतात ते याच ठिकाणी.

पुढे जे लिहिलं आहे ते धर्मग्रामातल्या, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतल्या, छोट्या गटासाठी. उदाहरण एकच धरलं आहे: एका वस्तीत लहान मुलांना वारंवार जुलाब होतात आणि गटाला ‘काहीतरी’ करायचं आहे. काम शिकवणीच्या वर्गाचं असो की बचतगटाचं, क्रम हाच लागू पडतो. ‘पाहा, पारखा, करा’ हा क्रम बेल्जियमचे धर्मगुरू जोझेफ कार्डाइन यांनी तरुण कामगारांबरोबर काम करताना रुळवला, आणि पोप तेविसावे जॉन यांनी १९६१ च्या ‘मातेर एत माजिस्त्रा’ या परिपत्रात (परिच्छेद २३६) तो उचलून धरला.

कोणी कशावर बोलायचं

पहिल्या बैठकीतच हे ठरवून टाका, नाहीतर सहाव्या बैठकीत भांडण ठरलेलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचं ‘गौदियुम एत स्पेस’ (१९६५, परिच्छेद ३६) सांगतं की सृष्टीतल्या गोष्टींना स्वतःचे नियम आहेत आणि प्रत्येक शास्त्राच्या पद्धतीने ते शोधणं योग्यच आहे. व्यवहारात याचा अर्थ असा: पाण्यात क्लोरीन किती घालायचं हे फादर ठरवणार नाहीत, आणि मदत कोणाला ‘शोभते’ हे प्रयोगशाळेतले तज्ज्ञ ठरवणार नाहीत. १६३३ साली, पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं मांडणाऱ्या गॅलिलिओवर चर्चने चालवलेल्या खटल्यात ही सीमा ओलांडली गेली. ती चूक पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ मध्ये पोंटिफिकल अकॅडमी ऑफ सायन्सेस या व्हॅटिकनच्या विज्ञानसंस्थेपुढे उघडपणे मांडली.

उलट दिशेचा मोहही टाळा. महास्फोटाच्या सिद्धांताचा पाया घालणारे जॉर्ज लमेत्र स्वतः धर्मगुरू होते. तरी विज्ञानाचे निष्कर्ष श्रद्धेचा पुरावा म्हणून वापरणं त्यांना पसंत नव्हतं. जुलाब कमी झाले तर ती प्रार्थनेची जाहिरात करू नका आणि वाढले तर देवाची परीक्षा म्हणून सोडून देऊ नका. दोन्ही वेळा पाणी पुन्हा तपासा. ‘देवाच्या पाण्यात औषध कशाला?’ असं कोणी म्हणालंच, तर बायबलमधल्या सिराखच्या ग्रंथाचा ३८वा अध्याय वाचून दाखवा. परमेश्वराने जमिनीतून औषधं निर्माण केली आणि शहाणा माणूस ती झिडकारत नाही, असं तिथे स्पष्ट आहे.

गट पाच ते सात जणांचा पुरे. त्यात एक परिचारिका किंवा आरोग्यसेवक आणि एक हिशेबाची सवय असलेला माणूस हवा. किमान दोघं त्या वस्तीतलेच हवेत, आणि ही अट शोभेसाठी नाही. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६: ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं अशी कुरकुर झाली, तेव्हा सात जण निवडले गेले आणि त्या सातांचीही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार, त्यांच्याच हाती वाटप गेलं.

पाहा: वस्ती आणि वही

फिल्टर आणण्याआधी दोन आठवडे नुसतं पाहण्यात घालवा. गटातला उत्साही माणूस इथेच वैतागतो. त्याला नकाशा काढायला बसवा: पाण्याची ठिकाणं, शौचालयं, सांडपाण्याचा उतार, रांग कुठे लागते.

घरभेटीला दोघांनी जावं. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेदेरिक ओझानाम आणि त्यांच्या मित्रांनी सुरू केलेल्या व्हिन्सेंट द पॉल सोसायटीत हा प्रघात पक्का आहे. एक बोलतो, दुसरा लिहितो, आणि बाहेर आल्यावर दोघांनी ऐकलेलं जुळतं का ते पाहता येतं. सगळ्या घरी जाणं जमणार नसेल तर ‘ओळखीची घरं’ निवडू नका. ९० घरं असतील आणि ३० ला भेट द्यायची असेल, तर १ ते ३ मधला एक आकडा चिठ्ठी टाकून काढा आणि तिथून दर तिसरं घर घ्या. दार बंद मिळालं तर शेजारच्या घरात शिरू नका, संध्याकाळी परत जा. दिवसभर बंद असणारी घरं बहुधा रोजंदारीवर जाणाऱ्यांची असतात. ती गळली की सर्वांत गरजूच गळतात.

प्रश्न थोडे आणि मोजता येतील असे हवेत. ‘मुलं आजारी पडतात का?’ याला सगळे ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी विचारा: गेल्या १४ दिवसांत पाच वर्षांखालच्या कोणत्या मुलाला एका दिवसात तीन किंवा जास्त वेळा पातळ शौचाला झालं? पाणी आणून परत यायला, रांगेसकट, किती मिनिटं लागतात? कोण आणतं? घरात पाणी कशात ठेवता आणि कशाने काढता? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

सोबत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांच्या दंडाचा घेर फीत लावून मोजा. ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण. त्या मुलाला त्याच दिवशी आरोग्य केंद्रात पाठवायचं, पाहणी संपायची वाट पाहायची नाही. ११.५ ते १२.५ मध्ये असेल तर नोंद करून पाठपुरावा.

वहीत नावाऐवजी क्रमांक लिहा. क्रमांक आणि नावं जोडणारी यादी वेगळ्या वहीत, एकाच माणसाकडे, कुलपात. फॉर्मवर धर्माचा रकाना ठेवूच नका. तो ठेवला की कोणीतरी कधीतरी तो वापरतो.

पाणी तपासताना

नमुना दोन प्रकारच्या ठिकाणांहून घ्या: उगमाजवळ आणि घरातल्या भांड्यात. फक्त विहिरीचं किंवा नळाचं पाणी तपासणं ही सर्वांत जास्त होणारी चूक. उगमाचं पाणी स्वच्छ आणि माठातलं दूषित निघालं, तर दोष बुडवलेल्या हाताचा किंवा तांब्याचा आहे. तिथे उगमाशी लाखमोलाचा फिल्टर बसवून काहीही होणार नाही. झाकण आणि तोटी असलेलं भांडं मात्र फरक पाडेल.

दोन वेगवेगळ्या दिवशी उगमाचा एकेक नमुना, एक पाऊस पडून गेल्यावरचा, आणि दहा घरांतले दहा. प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटलीच वापरा आणि ती आतून विसळू नका. तिच्यात क्लोरीन मारणारं थायोसल्फेट असतं, विसळलं की ते जातं आणि अहवाल खोटा स्वच्छ येतो. धातूचा नळ असेल तर तोंड पुसून ज्योतीने तापवा, एक-दोन मिनिटं पाणी वाहू द्या, मग भरा. बाटलीच्या तोंडाला बोट लागू देऊ नका आणि वर थोडी हवा सोडा. बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो ६ तासांत आणि काही झालं तरी २४ तासांच्या आत पोहोचवा. पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय हा जंतू एकही नसावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे.

जंतूंबरोबर रसायनंही तपासा, निदान एकदा तरी. बांगलादेशात गढूळ तळ्यांच्या पाण्याऐवजी निर्मळ पाणी मिळावं म्हणून १९७०च्या दशकापासून नलिकाविहिरी मोठ्या प्रमाणावर खोदल्या गेल्या. हेतू निखळ होता, जुलाबांपासून बचाव हाच. १९९३ मध्ये त्यांतल्या काही विहिरींच्या पाण्यात आर्सेनिक सापडलं, आणि पुढे कळलं की कोट्यवधी लोक ते पाणी पीत होते. आर्सेनिकाला रंग नाही, वास नाही, चव नाही, आणि पाणी उकळल्याने ते जात नाही. नव्या विहिरीला हात लावण्याआधी आर्सेनिक (मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम), फ्लोराइड (१.५ मिलिग्रॅम) आणि नायट्रेट (५० मिलिग्रॅम) पाहून घ्या. यांतलं एकही जास्त निघालं तर पुढचा क्लोरीनचा भाग तुमच्या कामाचा नाही, त्या पाण्याऐवजी दुसरा स्रोत शोधावा लागेल.

पारखा

अहवाल हातात आला की एक संध्याकाळ फक्त यासाठी ठेवा. दीड तास पुरतो: अर्धा तास आकडे, अर्धा तास वाचन, अर्धा तास निर्णय. वाचायला लांबलचक काही नको. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ‘आपोस्तोलिकाम आक्तुओसितातेम’ या आदेशाचा (१९६५) आठवा परिच्छेद घ्या. त्यात तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही कामाच्या आहेत: न्यायाने जे देणं लागतं ते दान म्हणून देऊ नये, नुसते परिणाम नव्हे, कारणंही दूर करावीत, आणि मदत अशी रचावी की घेणारा हळूहळू परावलंबनातून सुटावा.

पहिल्यापासून सुरुवात करा. या वस्तीला पाणी पुरवणं कोणाची कायदेशीर जबाबदारी आहे? असेल, तर पहिलं काम लेखी अर्ज. त्यावर वस्तीतल्यांच्या सह्या, सोबत पाण्याचा अहवाल आणि जुलाबांचे आकडे जोडलेले. अर्ज वस्तीच्या नावाने जावा, चर्चच्या नव्हे. पोहोच घ्या, तारीख टाका, ३० दिवसांनी स्मरणपत्र. दान दिल्याने छायाचित्र छापून येतं, अर्जाने येत नाही, म्हणून गट अर्ज टाळतात. पण पुढच्या वीस वर्षांचं पाणी अर्जातून येण्याची शक्यता जास्त.

दुसरी कसोटी सहायकतेच्या तत्त्वाची, जे पोप अकरावे पायस यांनी १९३१ मध्ये ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ या परिपत्रात मांडलं: जे काम खालच्या पातळीवरचे लोक स्वतः करू शकतात ते वरच्यांनी काढून घेऊ नये. याचं उत्तम उदाहरण चर्चच्या बाहेरचं आहे. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपात भरून ठेवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला लावलं. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. विज्ञान इतकं सोपं करून आईच्या हाती देणं, याहून चांगली सहायकता कुठली!

तिसरी कसोटी: ही योजना संपूर्ण माणसाचा विचार करते का? विकास प्रत्येक माणसाचा आणि संपूर्ण माणसाचा असावा, असं पोप सहावे पॉल यांनी १९६७ मध्ये ‘पॉप्युलोरुम प्रोग्रेसिओ’त म्हटलं. आमच्या मते हे वाक्य भाषणात वापरून गुळगुळीत झालं आहे. त्याला धार द्यायची तर असं विचारा: नवा नळ आला पण तो सकाळी नऊला येतो, मग शाळेऐवजी मुलगी नळावर उभी राहणार का?

करा: क्लोरीन

समजा, पाण्यात जंतू आहेत, रसायनं नाहीत, आणि पाणी फार गढूळ नाही. ब्लीचिंग पावडरच्या पिशवीवर उपलब्ध क्लोरीनची टक्केवारी छापलेली असते, साधारण २५ ते ३५. ती २५ धरून एक टक्क्याचं द्रावण बनवा: एक लिटर पाण्यात ४० ग्रॅम पावडर, प्लास्टिकच्या भांड्यात, लाकडी काठीने ढवळून. गाळ खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी गडद रंगाच्या बाटलीत ओता. या द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम क्लोरीन असतं.

मात्रा अंदाजाने ठरवू नका. २० लिटरच्या चार बादल्या भरा आणि त्यांत अनुक्रमे २, ४, ६ आणि ८ मिलिलिटर द्रावण घाला, म्हणजे लिटरला १, २, ३ आणि ४ मिलिग्रॅम क्लोरीन. ढवळा, अर्धा तास थांबा, मग डीपीडी गोळीच्या संचाने मुक्त क्लोरीन मोजा. पाणी जितकं गुलाबी, तितकं क्लोरीन जास्त. ज्या सर्वांत कमी मात्रेला लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम किंवा थोडं जास्त मुक्त क्लोरीन उरतं, ती तुमची मात्रा. २ मिलिग्रॅम मात्रा निघाली तर १००० लिटरच्या टाकीला २५ टक्क्यांची पावडर ८ ग्रॅम. घरात पाणी पिताना निदान ०.२ उरलेलं असावं.

बिघडतं ते असं. पावडर जुनी असते: उष्णतेने आणि दमटपणाने तिची ताकद उतरते, मग मोजून घातलं तरी क्लोरीन उरत नाही. पिशवी घट्ट बंद, थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा आणि द्रावण दर आठवड्याला ताजं करा. पाणी गढूळ असतं: क्लोरीन मातीवर खर्च होतं, म्हणून आधी निवळू द्या, कापडातून गाळा. अर्धा तास थांबलं जात नाही. आणि वासाची तक्रार येते, मग लोक गुपचूप दुसरीकडून पाणी आणतात. तक्रार आली तर मात्रा पुन्हा मोजा, समजावण्याचं भाषण नंतर. पावडर कधीही आम्लाजवळ किंवा शौचालय साफ करायच्या द्रवाजवळ ठेवू नका, दोन्ही मिसळले की विषारी वायू निघतो. आणखी एक: क्लोरीनने सगळेच जंतू मरत नाहीत. क्रिप्टोस्पोरिडियमसारखे काही टिकतात, म्हणून अगदी लहान बाळांचं पाणी उकळलेलंच बरं.

जुलाब झालेल्या मुलासाठी प्रत्येक घरात जलसंजीवनीची पाकिटं असावीत. नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा लहान, चहाचा. मीठ जास्त पडणं धोक्याचं आहे, म्हणून बनवून दाखवा आणि त्यांच्याकडून बनवून घ्या, चवही पाहायला लावा: अश्रूंपेक्षा खारट नको. अंगावरचं दूध आणि जेवण थांबवायचं नाही. शौचात रक्त, डोळे खोल गेलेले, मूल पिऊ न शकणारं किंवा मलूल असेल, तर थेट दवाखाना.

पैसा

लूकच्या शुभवर्तमानात बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो (१४:२८). तुमच्या अंदाजपत्रकात बहुधा सुटणाऱ्या तीन गोष्टी: दर वर्षीची पाणीतपासणी, तोट्या आणि वॉशर, आणि टाकी धुणाऱ्या माणसाची मजुरी. पहिल्या वर्षाच्या देखभालीचा पैसा बाजूला पडल्याशिवाय उद्घाटनाची तारीख ठरवू नका.

चर्चचा कायदा इथे नेमका आहे. ज्या कारणासाठी देणगी दिली, त्याच कारणासाठी ती वापरायची (कलम १२६७ §३). म्हणजे पाण्याच्या नावाने गोळा केलेला पैसा छताला लावायचा नाही, ‘नंतर भरून काढू’ म्हणूनसुद्धा नाही. लोकांनी दिलेल्याचा हिशेब लोकांना द्यायचा (कलम १२८७ §२). प्रत्येक देणगीला पावती, खात्यावर दोन सह्या, पाण्याच्या कामाला वेगळा रकाना, दर महिन्याला फलकावर एक पान. ते पान चर्चच्या दारावर तर लावाच, पण वस्तीतही लावा. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (८:२०-२१) पौल वर्गणीबद्दल म्हणतो की प्रभूच्याच नव्हे, माणसांच्या दृष्टीनेही जे योग्य ते करायची आम्ही काळजी घेतो. फलकासाठी याहून मोठा आधार नको. देणगीदाराची अट चर्चच्या शिकवणीविरुद्ध असेल, तर सेवाकार्याबद्दलच्या २०१२ च्या ‘इन्तिमा एक्लेसिए नातुरा’ या पोपच्या आदेशाप्रमाणे ती देणगी नाकारायची.

मदत धर्मांतराचं साधन होता कामा नये, असं पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००५ च्या ‘देउस कारितास एस्त’मध्ये (परिच्छेद ३१) लिहिलं. म्हणून जलसंजीवनीच्या पाकिटांचं आणि भांड्यांचं वाटप मिस्सेच्या आधी किंवा नंतर, चर्चच्या आवारात ठेवू नका. कोणी सक्ती केली नाही तरी अट असल्यासारखं वाटतंच. आजारी मुलाचा चेहरा फोटोत नको, आईने हो म्हटलं तरी.

फरक पडला का

काम ज्या महिन्यात जुलाब शिगेला होते त्या महिन्यात सुरू झालेलं असतं. दोन महिन्यांनी ते आपोआपच उतरतात, आणि श्रेय गट घेतो. म्हणून तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. ते आकडे नसतील तर काम टप्प्याटप्प्याने करा: आधी अर्ध्या वस्तीत, तीन महिन्यांनी उरलेल्या अर्ध्या. कोणाचा टप्पा आधी हे चिठ्ठीने, सर्वांसमोर ठरवा. मधल्या तीन महिन्यांत दोन्हीकडे तेच प्रश्न विचारले की फरक खरा की भास ते कळतं, आणि कोणी कायमचं वंचितही राहत नाही. दंडाच्या फितीत सापडलेल्या मुलांना मात्र टप्पा लागू नाही, त्यांची मदत लगेच.

लहान आकड्यांवर नाचू नका. ४० मुलांत आधी ८ आजारी होती आणि आता ५, यावरून काहीही सिद्ध होत नाही, नशिबानेही एवढं इकडेतिकडे होतं. तेव्हा माठातल्या पाण्यातलं क्लोरीन हा जास्त भरवशाचा पुरावा: दहांपैकी किती घरांत ०.२ किंवा जास्त मिळालं? हे न सांगता, वेगवेगळ्या दिवशी जाऊन पाहायचं. आकडा वाईट आला तर फलकावर तोही लावायचा.

येशूच्या दाखल्यात, वाटेत मारहाण होऊन पडलेल्या माणसाच्या मदतीला आलेल्या चांगल्या शोमरोनीने तेल-द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं. मग दोन दीनार, म्हणजे सुमारे दोन दिवसांची मजुरी, मालकाकडे दिले, आणि परत येताना उरलेलं फेडतो असं सांगून तो निघून गेला. तो तिथे राहिला नाही. तुमच्या गटानेही निघायची तारीख सुरुवातीलाच लिहून ठेवावी, दीड-दोन वर्षांची. तोवर द्रावण बनवणारे वस्तीतले दोघं तयार हवेत, एक नाही, कारण एक आजारी पडतो. पावडर कुठून आणायची, डीपीडी गोळ्या कधी संपतात, आर्सेनिकची पुढची तपासणी कोणत्या महिन्यात, अर्जाचं पुढचं स्मरणपत्र कोणी टाकायचं, हे सगळं एका वहीत, वस्तीच्या भाषेत, वस्तीच्या ताब्यात. गट गेल्यानंतर सहा महिन्यांनी एकदा परत यायचं, आणि तेव्हाही आधी माठातलं क्लोरीन मोजायचं, चहा नंतर.